गोधड्यांच्या आडोशाला ट्रक

माझ्या सासरी, माजिवड्याला, घरात माणसं थोडी होती. सासूबाई, हे, आणि वर्षा-दीड वर्षानं सुट्टीवर येणारे मोठे दीर. दीर बोटीवर इंजिनखोलीत कामाला होते. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. आणि अंगणात, चिंचेखाली, एक लष्करी ट्रक. लढाई संपल्यावर कल्याणच्या बाजूला लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा ह्यांनी तो घेतलेला. अमेरिकन बनावटीचा, बसायची जागा वरून-मागून उघडी, स्टिअरिंग डावीकडे, आणि पुढची चाकंसुद्धा इंजिनाच्या जोरावर ओढणारी. मिठागरातून पोती बाहेर काढायची तर खाडीच्या कडेनं, बांधाच्या चिखलातून यावं लागे. साध्या ट्रकची मागची चाकं तिथे नुसती जागच्या जागी गरगरत. आमचा ट्रक चारी चाकांनी चिखल धरून म्हशीसारखा डुलत वर यायचा. आम्ही सगळे त्याला ‘तो’ म्हणायचो. सासूबाई ‘ती’ म्हणायच्या. आमची टरक.

त्याची एकच खोड होती. पक्क्या सडकेवर पुढच्या चाकांना ओढायचं काही काम नसे, तरी त्यांच्या आतले दांडे चाकांबरोबर उगाच फिरत राहत. त्यामुळे पुढून सतत घरघर, पेट्रोलची नासाडी, आणि स्टिअरिंग जात्यासारखं जड. भिवंडीला जाऊन आले की ह्यांचे दंड भरून येत आणि मी खोबरेल चोळून देत असे.

मी कल्याणची. वडील रेल्वेत, म्हणून मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आणि आमच्या बोलीचे कंगोरे थोडे घासले गेलेली. सासरी येऊन चार-पाच महिने झाले तरी मी सासूबाईंना जरा बिचकूनच होते. त्या फार बोलत नसत. मिठागरात उभं आयुष्य गेलेलं, पायांच्या टाचा दगडासारख्या झालेल्या, आणि नजर अशी की भाकरी करपायच्या आधीच मला कळायचं की ती करपणार.

त्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर दीर घरी आले. त्यांच्या ट्रंकेत आपल्यासाठी काय आहे हे विचारायचं नाही असं सासूबाईंनी ठरवलेलं दिसलं, पण त्या ट्रंकेसमोरून हलल्याही नाहीत. दिरांनी साबणाच्या वड्या काढल्या, एक कापड काढलं, आणि मग दोन्ही हातांनी उचलून एक जड खोकं जमिनीवर ठेवलं. आत तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन गोल लोखंडी वस्तू. नारळाच्या करवंटीएवढ्या. मध्ये हातानं फिरवायची चकती, चकतीवर बाण.

“ही लॉकची हब,” दीर ह्यांना म्हणाले. “पुढच्या चाकांना लावायची. चकती एका बाजूला फिरवली की चाक मोकळं. दुसऱ्या बाजूला फिरवली की चाक आणि आतला दांडा एकजीव.”

ह्यांना लगेच कळलं. ते ती वस्तू हातात घेऊन बाळासारखी न्याहाळत बसले. सासूबाईंना कळलं नाही, आणि मलाही नाही. थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नसत, तशी रीतच होती. ते सासूबाईंना म्हणाले, “आई, तिचा हात धर.”

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. लग्नातली पाटली माझ्या हाताला सैल होती.

“आता हात हलवू नको, नुसती पाटली फिरव. हात म्हणजे दांडा, पाटली म्हणजे चाक. पाटली फिरते, हात गप. हे झालं मोकळं. आता पाटली हाताशी घट्ट दाबून धर, आणि हात फिरव. पाटली हाताबरोबर येते का नाही?”

“आली,” सासूबाई म्हणाल्या.

“हे लॉक.”

सासूबाईंनी पुन्हा मोकळं करून पाहिलं. पुन्हा लॉक. मोकळं, लॉक, मोकळं. ताटं वाढलेली तशीच राहिली आणि त्या माझं मनगट सोडेनात. मला हसू यायला लागलं, मी दाबलं, आणि मान वर केली तर त्यांच्या ओठांचे कोपरे हलत होते. घरात आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

दिरांची बोट सुटायची होती, ते गेले. ट्रकवरचा क्लीनर शिमग्याला गावी गेला. हे दोन दिवस खोक्याभोवती घुटमळले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “एकट्यानं होणार नाही. धरायला कुणीतरी पाहिजे.”

“मी धरते,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं आणि मीच चमकले. नवी सून अंगणात ट्रकच्या चाकापाशी बसलीय हे गावानं पाहिलं असतं तर होळीपर्यंत दुसरा विषय निघाला नसता.

सासूबाई तशाच उठून घरात गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या बाहेर आल्या त्या खांद्यावर गोधड्यांचा ढीग घेऊन. चिंचेच्या फांदीपासून ट्रकच्या हौद्यापर्यंत त्यांनी दोरी बांधली आणि एकेक गोधडी टाकून पुढच्या चाकाभोवती खोलीच उभी केली. मग स्वतः आत येऊन पाटावर बसल्या.

“तू कशाला?” ह्यांनी विचारलं.

“बगाया.”

जॅकवर चाक उचललं, मागच्या चाकांना दगड लावले. ह्यांनी चाकाच्या मधोमधची टोपी उचकटून काढली. आतमध्ये दांड्याच्या टोकाला एक स्प्रिंगची कडी बसलेली असते, ती काढली. मग सहा बोल्ट. ते सुटले, पण त्यांच्याखालची जुनी लोखंडी थाळी काही सुटेना. हे ठोकत होते, मी खाली सुटे भाग ठेवायची घासलेटची परात धरून बसले होते, आणि सासूबाई प्रत्येक ठोक्याला “हाँ” म्हणत होत्या.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या काकी आल्या. गोधड्यांच्या पलीकडे त्यांची पावलं थांबलेली मला खालून दिसत होती. आत ठोक्यांचा आवाज, ह्यांचं कण्हणं, सासूबाईंचं “हाँ, आता आली, आता आली.”

“काय गो,” काकींनी बाहेरून हळूच विचारलं, “कोन बालंत व्हते क?”

सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. “टरक,” त्या म्हणाल्या.

आणि नेमकी त्याच वेळी थाळी सुटून खणकन परातीत पडली.

बाहेरची पावलं वळली आणि झपझप निघून गेली. मी पदर तोंडात कोंबला. ह्यांच्या हातातला हातोडा गळून पडला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “धू ती थाली,” पण त्यांचे खांदे गदगदत होते, आणि मग आम्ही तिघं त्या गोधड्यांच्या खोलीत, घासलेटच्या वासात, पोट धरून हसलो. दुपारपर्यंत निदान सात-आठ बायका काहीतरी उसनं मागायला येऊन गेल्या. साखर, विळी, चाळण. एकीला तर काय मागायचं तेच आठवेना.

धुणंपुसणं झाल्यावर खरं काम. नवी हब जिथे चाकावर बसते तिथे मध्ये कागदाचं पॅकिंग लागतं. दोन लोखंडं एकमेकांवर कितीही घट्ट बसवली तरी मध्ये केसाएवढी फट राहते, आणि आमची गाडी जायची खाडीच्या खाऱ्या पाण्यातून. “खारा पानी म्हंजे उंदीर,” सासूबाई म्हणाल्या. “भोक नसला तर करल.” एकदा ते आत शिरलं की ग्रीस ताकासारखं पांढरं होतं आणि बेरिंग गंजून जातात, असं हे म्हणाले.

खोक्यात दोन पॅकिंग होती, एकमेकांना चिकटलेली. ती सोडवायचं काम माझ्याकडे होतं. मी नखानं अलगद सोडवत होते आणि एक मधोमध टरकलं.

ह्यांनी त्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. “जाड कागद बघ घरात,” ते म्हणाले. “गुळगुळीत पाहिजे. सुरकुती नको.”

घरात जाड, गुळगुळीत, बिनसुरकुतीचा कागद एकच होता. आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. मी त्या घेऊन आले तेव्हा माझी मलाच लाज वाटत होती. सासूबाईंनी एक हातात घेतली, वरचा गणपती पाहिला आणि म्हणाल्या, “देवाला चाकात घालायचा नाय. तेवढा कापून दे माज्याकडं.” गणपती कापून त्यांनी कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला. उरलेला कागद ह्यांनी हबवर ठेवला आणि कडेकडेनं हातोडीनं हलके हलके ठोकत गेले. लोखंडाच्या कडेवर कागद आपोआप कापला जातो, बोल्टांची भोकंही तशीच पडतात. गोल तयार झाला. त्यावर एका बाजूला माझं नाव, आणि समोरच्या बाजूला ह्यांचं, अर्धं भोकात गेलेलं. ह्यांनी तो तेलात बुडवला, सुताराकडून आणलेली पातळ लाख दोन्ही अंगांना फासली आणि जागेवर बसवला. मी म्हटलं, “आता सुटायचं नाही.” हे मान खाली घालून बोल्ट शोधत राहिले. कान मात्र लाल झाले होते. सासूबाई चिंचेकडे बघत होत्या.

ग्रीस भरायला मी बसले. हे म्हणाले, जरा लाव. मी पुरणपोळीत पुरण भरावं तसं काठोकाठ भरलं. मग हब चढवली, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले, आणि राहिली ती दांड्याच्या टोकाची कडी. ह्यांनी ती पकडीनं फाकवली, दांड्यावर आणली, आणि ती सटकली. सुंई असा आवाज झाला आणि कडी नाहीशी.

आम्ही गोधड्या झटकल्या. माती चाळली. सासूबाईंनी अंबाडा सोडून पाहिला. ह्यांनी कोंबड्यांना संशयानं पाहिलं. एक कोंबडी जरा जास्तच तोऱ्यात चालत होती, तिला सासूबाईंनी पकडून तिचं पोट चाचपलं. शेवटी थकून मी हात धुवायला घासलेटच्या परातीत बुडवले तर कडी माझ्या बोटाला लागली. जिथे ती ठेवायची होती तिथेच जाऊन पडली होती.

कडी बसली, वरची चकती बसली, पण चकती फिरेना. ग्रीस इतकं कोंबलं होतं की आतल्या भागाला सरकायला जागाच नव्हती. पुन्हा उघडलं. मी बोटानं ग्रीस काढत बसले आणि सासूबाई म्हणाल्या, “माहेरी पोली अशीच भरते क?” मी म्हटलं, “हो, म्हणून तर तिथे सगळे जाड.” हे बोलून मी जीभ चावली, पण त्या इतक्या हसल्या की पाटावरून मागे कलंडल्या.

दुसऱ्या चाकाला हात सरावले होते. ऊन उतरायच्या आत गोधड्या घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी चाचणी. ह्यांना एकट्यानं जायचं होतं, पण सासूबाई आधीच पुढच्या बाकावर चढून बसलेल्या. मीही चढले. बांधाजवळ एका काळ्या चिखलाच्या पट्ट्यापाशी ह्यांनी गाडी थांबवली. चारी चाकं लावायची तर आधी उतरून दोन्ही पुढच्या हबा हातानं लॉक कराव्या लागतात. ठरलं असं की डावीकडची ते फिरवणार, उजवीकडची मी. मी उतरले, बाण ‘लॉक’वर आणला, चढून बसले. सासूबाई पाय मोकळे करते म्हणून उतरल्या होत्या, त्याही चढल्या. गाडी चिखलात शिरली.

पट्ट्याच्या मध्यावर मागची चाकं फिरायला लागली आणि गाडी बसली. ह्यांनी बाहेर वाकून पाहिलं. पुढचं चाक हलत नव्हतं. “पुढून ओढत नाही,” ते म्हणाले. पुन्हा प्रयत्न केला. इंजिन ओरडलं, मागून चिखल उडाला, गाडी आणखी चार बोटं खाली गेली.

मला वाटलं, पॅकिंग गेलं. मग वाटलं, कडी निसटली. ह्यांचा चेहरा पडला होता. भावानं परदेशातून एवढं ओझं वाहून आणलं आणि आपण ते बिघडवलं, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असणार.

“उजवीकडचं लॉक केलंस ना?” त्यांनी मला विचारलं.

“केलं. बाण बघून केलं.”

 मग सासूबाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, “ती उजवीकडची चकती. मी पन फिरवली.”

“कवा?” ह्यांनी विचारलं.

“हिनं फिरवल्यावर. मना वाटला, माजा पन हात लागूदे.”

मी लॉक केलेली हब त्यांनी पुन्हा मोकळी केली होती. आणि एक बाजू मोकळी असली की सगळा जोर तिकडच्या दांड्यात वाया जातो, दुसरीही बाजू ओढत नाही. ह्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतात की काय, तर ते हसत होते, आवाज न करता, श्वास अडकून.

मी साडी खोचून उतरले. चिखल गुडघ्यापर्यंत आला. हब चिखलाखाली गेलेली. मी कोपरापर्यंत हात घालून चकती चाचपू लागले. सासूबाई मला धरायला म्हणून उतरल्या आणि पहिल्याच पावलाला फतकल मारून चिखलात बसल्या. बसल्या त्या उठायचं नावच घेईनात.

“उठा ना,” मी म्हटलं.

“थांब. गार लागते.”

बोटांना बाणाचा उंचवटा लागला. मी फिरवला. ह्यांनी गाडी केसभर पुढे-मागे केली आणि आतून टक् असा आवाज माझ्या तळहाताला कळला. मी बाजूला झाले. दोन्ही पुढची चाकं सावकाश फिरली, चिखल त्यांनी धरला, आणि ट्रक वर यायला लागला. आला आणि थांबलाच नाही. चिखलात थांबलो तर पुन्हा रुतू, म्हणून हे तसेच पुढे कडक जमिनीपर्यंत निघून गेले. मागे आम्ही सासू-सून, कंबरेपर्यंत काळ्या, एकमेकींचा हात धरून ट्रकमागे धावत होतो. धावताना सासूबाई दोनदा पडल्या आणि दोन्ही वेळा मला घेऊन पडल्या. ट्रकपाशी पोचलो तेव्हा ह्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ह्यांत माझी आई कोणती?”

खरी परीक्षा त्यानंतर होती. दुसऱ्या सकाळी ह्यांनी उजवीकडची हब उघडली. ती सगळ्यात जास्त वेळ खाऱ्या चिखलात बुडालेली, आणि पत्रिकेचं पॅकिंगही तिच्यातच. मी आणि सासूबाई दोघी डोकं घालून बसलो होतो. चकती निघाली. आत ग्रीस पिवळंधमक, लोण्यासारखं, जसं लावलं होतं तसं. पाण्याचा थेंब नाही. सासूबाईंनी बोट लावून वास घेतला. “कोरडा हाय,” त्या म्हणाल्या, आणि मग काहीतरी ठरवल्यासारख्या उठल्या. “चला. हिच्या माहेरी जाऊ.”

“आज? कशाला?” मी विचारलं.

“सांगाया.”

दोन्ही हबा मोकळ्या करून आम्ही कशेळीच्या रस्त्याला लागलो. पुढची घरघर गेली होती. इतकी शांतता होती की ह्यांना दोनदा वाटलं, इंजिन बंद पडलं. भिवंडीच्या पुढे रस्ता रिकामा लागला तेव्हा ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मला म्हणाले, “ये इकडे. बघ किती हलकं झालंय.”

मी डावीकडे बसले. त्यांनी पायाखालचं सगळं दोनदा समजावलं आणि स्वतः मागे हौद्यात जाऊन माझ्या खांद्यामागे वाकून उभे राहिले. सासूबाई उजवीकडे, ताठ. स्टिअरिंग खरंच हलकं होतं, दळण संपत आलेल्या जात्याइतकं. मी ट्रक चालवत होते. 

समोरून एक गवताची बैलगाडी आली. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून गाडीवानानं ट्रकच्या उजव्या बाजूला पाहिलं. तिथे नऊवारीतली एक म्हातारी, हातांची घडी घालून, स्टिअरिंगशिवाय ट्रक हाकत होती. त्यानं बैल थेट शेतात घातले.

“भितो कशाला तो?” सासूबाईंनी विचारलं. मग मला म्हणाल्या, “अजून जोरात चालंल क?”

कोन गावाच्या अलीकडे ह्यांनी गाडी परत घेतली. कल्याणात माझ्या माहेरच्या गल्लीत शिरलो तर अर्धी गल्ली बाहेर. आई पोळ्या टाकून आली. सासूबाईंनी खाली उतरायच्या आधीच वरून सगळं सांगायला सुरुवात केली. पत्रिकेपासून कोंबडीपर्यंत, हातवारे करून, आणि प्रत्येक वेळी हसू फुटलं की सुरुवातीपासून. आईला निम्मं कळलं नाही, पण तीही डोळे पुसत होती. माझे वडील मात्र गंभीरपणे चाकापाशी गेले, उकिडवे बसले, आणि ह्यांच्याकडून समजून घेऊन चकती एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली.

मग गल्लीतल्या बायकापोरांना हौद्यात भरून ह्यांनी तलावाला फेरी मारली. परत आलो तर आणखी माणसं उभी, म्हणून दुसरी. ड्यूटीवर निघालेले वडील रेल्वेचा कोट घालून दोन्ही फेऱ्यांत मागे उभेच होते, साखळी धरून, वाऱ्यानं टोपी उडेल म्हणून एक हात डोक्यावर. गाडी दारात थांबली, सगळे उतरले, ते उतरेनात. आईनं घड्याळाची आठवण केली.

“जातो,” ते वरूनच म्हणाले. “स्टेशनापर्यंत ह्यातच जातो.”